नदी वर, रान खाली

धाराशिव जिल्ह्यावर पडलेला पाऊस शेवटी बंगालच्या उपसागराला जातो, एवढं शाळेत शिकलेलं असतं. तो दोन वेगळ्या वाटांनी जातो, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. बालाघाटाच्या रांगेनं जिल्ह्याला दोन उतार दिले आहेत. कळंब, धाराशिव, लोहारा या अंगाचं पाणी तेरणा आणि मांजरेत उतरतं. मांजरा पुढं तेलंगणात कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. परंडा-भूमचं पाणी सीनेत जातं, नळदुर्गचं बोरीत. सीना आणि बोरी भीमेला मिळतात आणि भीमा रायचूरच्या वर कृष्णेला. माथ्यावर एकाच सरीतले दोन थेंब हातभर अंतरावर पडले, तर त्यांच्या वाटा शेकडो किलोमीटर फाकतात.

शेवटी मात्र ते पुन्हा शेजारी येतात. आंध्रच्या किनाऱ्यावर गोदावरी आणि कृष्णेचे त्रिभुज प्रदेश एकमेकांना खेटून आहेत. दोन्ही नद्यांनी आपापला गाळ टाकत समुद्र मागं रेटला आणि दोघींच्या मध्ये जी खोलगट जागा उरली तिथं कोल्लेरू सरोवर झालं. म्हणजे आपल्या जिल्ह्याचं पाणी जिथं फुटतं ती रांग जशी खरी, तसं ते जिथं पुन्हा जवळ येतं ती जागाही नकाशावर बोट ठेवून दाखवता येते.

त्या भागातलं एक शहर आपण सगळ्यांनी नकळत पाटीवर वाचलेलं आहे. नळदुर्ग आणि उमरग्यावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग 65 पुण्याहून निघतो, सोलापूर, हैदराबाद, विजयवाडा करत मछलीपट्टणमला संपतो. नळदुर्गच्या किल्ल्याखालून सुमारे सहाशे किलोमीटर सरळ चालत राहिलं की रस्ता समुद्राजवळ थांबतो. बोरीचं पाणीही, वळसा घालून, त्याच मुलखात पोचतं. शहर शांत आहे. कृष्णा जिल्ह्याचं मुख्यालय, भाताचा व्यापार, जुनी कौलारू घरं, कोनेरू सेंटरचा चौक, दुपारी ओस पडणारे रस्ते. पर्यटनाच्या यादीत त्याला कोणी वरचा नंबर देणार नाही. पण धाराशिवच्या माणसानं ते पाहावं असं मला मनापासून वाटतं, कारण पाण्याबद्दल आपण जे गृहीत धरून जगतो ते सगळं तिथं उलटं आहे.

विजयवाड्यापासून सुरुवात करावी लागते. तिथं कृष्णा दोन टेकड्यांमधून बाहेर पडते. एका टेकडीवर कनकदुर्गेचं देऊळ आहे, समोर सीतानगरमची टेकडी. ही खिंड म्हणजे त्रिभुज प्रदेशाचं तोंड. इथून खाली एकही टेकडी नाही. प्रकाशम बंधाऱ्याला अडलेल्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे 17 मीटर आहे आणि समुद्र अजून सत्तर-ऐंशी किलोमीटर दूर. धाराशिव शहर साडेसहाशे मीटरच्या आसपास आहे, हे डोक्यात ठेवलं की या सपाटीचा अर्थ लागतो. चार-पाच किलोमीटर चाललं तर जमीन एक मीटर उतरते. डोळ्याला तो उतार दिसतच नाही, पाण्याला मात्र तो पुरतो.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडं नदी खाली असते आणि रान वर. ओढा, नाला, नदी हे सगळं शिवाराच्या तळाला. माळावर मुरूम, उतारावर पातळ काळी, नदीकाठी खोल काळी. पाणी रानापासून दूर पळतं, म्हणून बांध घालायचे, ताली धरायच्या, आणि पळालेलं पाणी पुन्हा वर आणायला मोटार बसवायची. त्रिभुज प्रदेशात नदी वर असते आणि रान खाली. तिथं पाणी रानाकडं पळत येतं.

असं का होतं? पुराचं पाणी काठ ओलांडून बाहेर पसरलं की त्याचा वेग एकदम मोडतो. वेग मोडला की जड वाळू आणि भरड गाळ लगेच, काठालगतच बसतो. बारीक चिकण माती तेवढी दूरवर जाते. दरवर्षी हेच होत राहिलं की काठ उंच होत जातात आणि काठापासून लांबची जमीन मागं राहते. पात्रातही गाळ साचतोच. हजारो वर्षांनी नदी एका लांबट उंचवट्याच्या माथ्यावरून वाहू लागते आणि दोन्ही बाजूंना जमीन तिच्यापासून खाली उतरत जाते. मग एखाद्या मोठ्या पुरात ती काठ फोडते, खोलगट बाजूला नवी वाट धरते, आणि तिथंही तोच उद्योग सुरू करते. अशा वाटा बदलत बदलत पंख्यासारखी जमीन तयार होते. कृष्णा आजही पुलिगड्डाजवळ फाटते आणि दोन फाट्यांच्या मध्ये दिवीसीमा नावाचं बेट धरून समुद्राला मिळते.

हे ज्याला कळलं त्याला सिंचनाचं कोडं सुटलं. पंख्याच्या तोंडाशी, म्हणजे विजयवाड्याला, पाणी थोडं उचलून धरायचं आणि उंचवट्यांच्या माथ्यावरून कालवे न्यायचे. पुढचं काम उतार करतो. एकही पंप नको. आर्थर कॉटननं गोदावरीवर दवळेश्वरमला 1847 ते 1852 या काळात असाच बंधारा बांधून घेतला आणि पाठोपाठ 1855 पर्यंत चार्ल्स ऑरनं विजयवाड्याला कृष्णेवरचा बंधारा पुरा केला. त्याआधी याच मुलखानं 1832-33 चा गुंटूरचा भीषण दुष्काळ पाहिला होता. नदी शेजारी असून माणसं अन्नावाचून मेली. 1972 सोसलेल्या आपल्या जिल्ह्याला तो दुष्काळ समजावून सांगायला नको. फरक एवढाच की तिथं पाणी होतं आणि ते वळवायची सोय नव्हती. कृष्णेवरचा जुना बंधारा 1952 च्या पुरात फुटला, म्हणून आजचा प्रकाशम बंधारा 1957 ला उभा राहिला. त्याच्या दोन्ही बाजूंच्या कालव्यांवर आज सुमारे 13 लाख एकर जमीन भिजते.

विजयवाड्याहून मछलीपट्टणमला जाताना रस्त्याला कालव्याची सोबत असते. कालवा दोन्हीकडच्या शेतांपेक्षा वर आहे, हे नीट बघावं. उय्यूरला साखर कारखाना लागतो, तेव्हा घरच्यासारखं वाटतं. तो गेला की फक्त भात. आणखी एक गोष्ट बघावी, जी आपल्या डोळ्यांना सवयीची नाही: दर थोड्या अंतरावर पाणी आणणारा कालवा आणि पाणी काढून नेणारा नाला, अशी जोडी. कालवा उंचवट्यावर, नाला खोलगटात. तिथल्या शेतकऱ्याची निम्मी काळजी पाणी मिळण्याची असते आणि निम्मी ते निघून जाण्याची. सप्टेंबरात किंवा नोव्हेंबरात मोठा पाऊस झाला, नाले तुंबले, समुद्राला भरती असली, की पाणी जागचं हलत नाही आणि तयार भात आडवा पडून कुजतो. पाणी धरून ठेवायला आयुष्य घालवणाऱ्या माणसाला हे पटायला वेळ लागतो. मला लागला.

पिकांचा क्रमही या ओलीनं ठरवला आहे. खरिपातल्या भाताला तिथं सार्वा म्हणतात, उन्हाळी भाताला दाळवा. दाळव्याला दरवर्षी पाणी मिळेलच असं नाही. मग शेतकरी एक सुंदर युक्ती करतो. सार्वा कापणीला आला की कापणीच्या दोन-तीन दिवस आधी, उभ्या भातातच, उडदाचं बी फोकतो. नांगरट नाही, पाळी नाही, पाणीही नाही. भात कापून नेईपर्यंत चिखलात पडलेलं बी उगवलेलं असतं आणि त्या चिकण मातीनं धरलेल्या ओलीवर, वर पडणाऱ्या दवावर पीक निघतं. उडीद आपलाही आहे. मृगाच्या पावसावर पेरून पोळ्याच्या आगेमागे काढायचा, अधूनमधून पावसानं डागाळलेला. तोच उडीद तिथं हिवाळ्यात एका सरीशिवाय येतो. पेडना गावाच्या बाजूला बांधावर भेटलेल्या एका वयस्क शेतकऱ्यानं मोडक्या हिंदीत मला विचारलं, तुमच्याकडं ओल किती दिवस राहते? माळावर आठ दिवस, काळीत महिनाभर, असं काहीतरी मी सांगितलं. त्यानं मातीचं एक ढेकूळ फोडून हातावर ठेवलं. जानेवारी जवळ आला होता आणि ढेकूळ आतून ओलं होतं.

ती माती काळी आहे. कृष्णेचा त्रिभुज प्रदेश बऱ्याच अंशी दख्खनच्या बेसाल्टच्या झिजेतून आलेल्या काळ्या चिकण मातीचा बनलेला आहे. हे सर्वांत स्पष्ट दिसतं ते मंगिनापुडीच्या किनाऱ्यावर, शहरापासून दहा-अकरा किलोमीटरवर. समुद्रकिनारा म्हटल्यावर आपण पिवळी वाळू डोळ्यांपुढं आणतो. इथं काळी माती आहे. पाणी लांबवर उथळ, पाय घोट्यापर्यंत रुततो. परंडा, नळदुर्ग, अक्कलकोट, विजापूर, कलबुर्गी अशा सगळ्या शिवारांची धुऊन गेलेली माती अशा किनाऱ्यांना लागते. तिथं उभं राहून मला आपल्या जिल्ह्याचा विचार आला तो दुरून आलेला पाहुणा म्हणून नव्हे. या जमिनीत आपलाही वाटा आहे असं वाटलं.

उथळ किनाऱ्यानं या शहराचं नशीब दोन्ही बाजूंनी घडवलं. मछलीपट्टणम गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीचं मुख्य बंदर होतं. आजही आसपासचे लोक शहराला नुसतं बंदर म्हणतात आणि विजयवाड्यातल्या मोठ्या रस्त्याला बंदर रोड. डच सतराव्या शतकाच्या पहिल्याच दशकात आले, इंग्रजांनी 1611 मध्ये वखार घातली, फ्रेंच आले, 1759 मध्ये इंग्रजांनी फ्रेंचांकडून ते जिंकलं. पण गाळामुळं मोठी जहाजं काठाला लागत नसत. दूर समुद्रात नांगर टाकून होड्यांनी माल चढवावा-उतरवावा लागे. व्यापार मद्रासकडं सरकत गेला. शिवाय असा उथळ समुद्र वादळात भयंकर होतो. खोल समुद्रात वाऱ्यानं ढकललेलं पाणी खालून परत वळू शकतं. उथळात त्याला परतायला जागा नसते, ते वर चढतं आणि सपाट जमिनीवर आत शिरतं. 1 नोव्हेंबर 1864 च्या रात्री असाच समुद्र मछलीपट्टणमवर आला. मृतांचा आकडा 30 हजारांच्या घरात सांगितला जातो. शहर त्यातून पूर्वीसारखं उभं राहिलंच नाही. 19 नोव्हेंबर 1977 ला दिवीसीमेवर तेच झालं, किमान 10 हजार माणसं गेली. आज शहरात हवामान खात्याचं डॉप्लर रडार आहे, किनाऱ्यावर वादळ निवारे आहेत, आणि इशारा मिळाला की माणसं वेळेत हलवली जातात. शहराच्या शांतपणामागं हा इतिहास आहे. मे 2023 मध्ये नव्या बंदराची पायाभरणी झाली. जहाजांसाठी त्याच गाळात खोल वाट खणायची आहे.

या बंदराचा आणि आपल्या जिल्ह्याचा संबंध रस्त्यापेक्षा फार जुना आहे. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासग्रंथात भडोचला येणाऱ्या मालाची माहिती आहे. त्यात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं शहर येतं. तगर म्हणजे आपलं तेर, हे अभ्यासक फ्लीट यांनी 1901 मध्ये दाखवून दिलं. तगरातून जाडंभरडं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून भडोचला जाई. आणि त्यासोबत किनाऱ्याकडच्या मुलखातून तगरात येणारा मालही जाई. त्याच ग्रंथात पूर्व किनाऱ्यावरच्या मसालिया नावाच्या प्रदेशात भरपूर मलमल होते असं म्हटलं आहे. तो मसालिया म्हणजे हाच मुलूख. पूर्व किनाऱ्याचं कापड पठारावर चढून तेरला यायचं आणि तिथून पश्चिम समुद्राकडं उतरायचं, असा अंदाज अभ्यासक यावरून बांधतात. तेरच्या लामतुरे संग्रहालयात ती हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे, जिच्या जातकुळीची मूर्ती इटलीत पाँपेईला सापडली. गोरोबाकाकांच्या गावाला दोन समुद्रांची ओळख होती, हे तिथल्या शाळेतल्या प्रत्येक मुलाला माहीत असायला हवं.

मसालियाचं कापड अजून संपलेलं नाही. पेडना गावात कलमकारी होते, म्हणजे लाकडी ठशांनी छापलेली छीट. रंगाची रीत बघण्यासारखी आहे. आधी कापड हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवतात. गंजलेलं लोखंड आणि गूळ आंबवून केलेल्या पाण्याचा ठसा हिरड्यावर बसला की काळा रंग उमटतो. जिथं लाल हवा तिथं तुरटीचा ठसा. तो छापताना फिकट दिसतो. मग कापड वाहत्या पाण्यात धुतात, जादा तुरटी निघून जाते, आणि मंजिष्ठेसारख्या लाल रंगाच्या कढईत उकळलं की फक्त तुरटीच्या जागी लाल चढतो. या सगळ्यात वाहतं पाणी अपरिहार्य आहे. साचलेल्या पाण्यात तुरटी कापडभर पसरते आणि नक्षी बिघडते. त्यामुळं ही कला कालव्याच्या काठाशी बांधलेली आहे, आणि कालवा बंद असला की कारागीरही अडतो.

कालवे बंद असतात उन्हाळ्यात. नदीच्या मुखाशी राहणाऱ्या गावांनाही प्यायच्या पाण्याची चिंता असते, हे ऐकून आपल्याकडं कुणी विश्वास ठेवणार नाही. पण भूजल खारं आहे. विहीर खणली तर मचूळ पाणी लागतं. म्हणून कालवा बंद व्हायच्या आधी गावतळी भरून घेतात आणि ती पुरवून वापरतात. जिथं भाताऐवजी कोळंबीची तळी झाली तिथं शेजारच्या रानात खार उतरते, यावरून गावागावांत तंटे आहेत. वरून गोड पाणी कमी आलं की समुद्राचं खारं पाणी नाल्यांतून आत चढतं.

आणि वरून पाणी कमी येतं, गाळ तर फारच कमी येतो. कृष्णेवर जुराळा, श्रीशैलम, नागार्जुनसागर, पुलिचिंतला अशी रांग आहे; गाळ त्यांच्या तळाशी बसतो. ज्या जमिनीला दरवर्षी नवा थर मिळत होता ती आता फक्त दबते आहे, आणि कडेनं समुद्र तिला खातो आहे. 2025 च्या सप्टेंबरात परंडा आणि भूम भागात सीनेनं काय केलं ते आपण पाहिलं. उभी पिकं गेलीच, शेकडो शेतांची माती खरडून गेली, खाली मुरूम उघडा पडला. ती माती पूर्वी समुद्रकाठी पोचली असती. आता ती धरणांचा साठा कमी करते. परंड्याच्या शेतकऱ्याचं नुकसान होतं, धरणाचं होतं आणि दिवीसीमेचंही; त्या मातीचा फायदा कुणालाच होत नाही. बांधबंदिस्ती हा केवळ आपल्या शिवाराचा प्रश्न आहे असं मानणं मला म्हणूनच अपुरं वाटतं.

पाण्याचा हिशेबही असाच गुंतलेला आहे. 1 टीएमसी म्हणजे 1 अब्ज घनफूट, सुमारे 2.83 कोटी घनमीटर. बच्छावत लवादानं कृष्णेच्या पाण्यातून महाराष्ट्राला 560, कर्नाटकाला 700 आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेशाला 800 टीएमसी दिलं. आंध्रच्या वाट्यात एकट्या कृष्णा त्रिभुज प्रदेशाच्या जुन्या कालव्यांसाठी 181.2 टीएमसी राखलेलं आहे, कारण तो वापर सर्वांत जुना. आपल्याकडं कृष्णा-मराठवाडा उपसा योजनेतून पहिल्या टप्प्यात 7 टीएमसी मिळावं म्हणून वर्षानुवर्षं वाट पाहिली जाते, आणि ते पाणी पंपांनी टप्प्याटप्प्यानं चढवून आणायचं आहे. 181 आणि 7 हे दोन आकडे शेजारी ठेवले की पहिल्यांदा राग येतो, मलाही आला. पण तो वापर दीडशेहून जास्त वर्षांचा आहे, आणि तोडला तर समुद्र आत येईल, हे जागेवर पाहिल्यावर रागाला काही अर्थ राहत नाही.

शिवाय या हिशेबात एक दार आहे. 1980 च्या गोदावरी लवादाच्या निवाड्यात अशी तरतूद आहे की पोलावरमहून गोदावरीचं 80 टीएमसी पाणी कृष्णेत वळवलं, तर नागार्जुनसागरच्या वरचं तेवढं कृष्णेचं पाणी मोकळं होतं. त्यातलं 21 कर्नाटकाला आणि 14 महाराष्ट्राला मिळायला हवं. 2015 पासून पट्टिसीमा इथं गोदावरीचं पाणी उपसून पोलावरमच्या उजव्या कालव्यानं विजयवाड्याजवळ कृष्णेत सोडलं जातं. त्यामुळं कृष्णेला पूर येण्याची वाट न पाहता तिथं भाताची लावणी सुरू होते. म्हणजे तेरणेचं पाणी आणि बोरीचं पाणी, बालाघाटावर वेगळं झालेलं, आता खरोखर एकाच कालव्यात एकत्र येतं. तो कालवा जितका चालेल तितकी वरच्या राज्यांच्या मागणीला धार येते. या 14 टीएमसीतलं किती मराठवाड्याच्या वाट्याला येईल, हा प्रश्न आपल्या जिल्ह्यातल्या लोकप्रतिनिधींना विचारायला हवा, आणि विचारणाऱ्याला आधी ते कालवे कुठं आहेत हे माहीत असायला हवं.

जायचं असेल तर डिसेंबरचा दुसरा पंधरवडा बरा. वादळांचा जोर ओसरलेला असतो आणि भाताची कापणी व उडदाची उगवण एकाच वेळी बघायला मिळते. उमरग्याहून निघून हैदराबादमार्गे विजयवाड्याला मुक्काम करावा, सकाळी बंधाऱ्यावरून चालत जावं, मग बंदरचा रस्ता धरावा. दुपारी पेडनाचे ठसे, संध्याकाळी मंगिनापुडी. दुसऱ्या दिवशी अवनीगड्डामार्गे हंसलादीवीपर्यंत जाता येतं, जिथं कृष्णेचा एक फाटा समुद्राला मिळतो. सोबत एखादा शेतकरी मित्र असावा. मातीला हात लावून प्रश्न विचारणारा माणूस तिथं लवकर ओळखीचा होतो. बंदरचे लाडू घरी आणायला विसरू नये.